अर्धा रंग जमिनीचा

आमची जमीन नीरा डाव्या कालव्याच्या खाली. इंग्रजांनी १८८५ साली हा कालवा सुरू केला आणि बारामती तालुक्याचे जणू दोन तालुके झाले, खालचा बागायती आणि वरचा जिरायती. मी खालचा. ऊस, केळी, पाटाचं पाणी, आणि डोळ्यांना लहानपणापासून हिरव्याची सवय. वरच्या गावात मुलगी द्यायची म्हटलं की घरात चर्चा व्हायची ती विहिरीच्या पाण्याची. तिथल्या माळावर काय राहतं, हे कधी कुणी विचारलं नाही. काही राहतं असं वाटतच नव्हतं. सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी कागदात पडीक आणि आमच्या बोलण्यात 'मोकळं रान'.

नोकरी मात्र त्याच वरच्या अंगाला लागली. सुप्याच्या बाजूच्या एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक झालो. १९९७ मध्ये जाहीर झालेलं मयुरेश्वर अभयारण्य तिथून फार लांब नाही. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. 'अभयारण्य' म्हटल्यावर मी मोठमोठी झाडं शोधायला गेलो होतो. दिसले ते हिवर, बोरी, तरवडाची झुडपं आणि मैलभर कुसळी गवत. पायमोजे कुसळांनी भरून परत आलो आणि स्टाफरूममध्ये सांगितलं, "काही नाही तिथं."

पहिली काही वर्षं मला खरंच काही दिसलं नाही, त्यामुळे माझ्या हातून काही बिघडलंही नाही. पुढे दिसायला लागलं आणि घोळ तिथून सुरू झाला.

सुरुवात वर्गातच झाली. एका मुलानं बाभळीच्या फांदीवरचा शॅमेलिऑन सरडा फांदीसकट आणला. पाठ होता 'सजीवांमधील अनुकूलन'. आयतंच साधन हाती आलं म्हणून मी टेबलावर लाल कापड पसरलं, सरडा त्यावर ठेवला आणि म्हणालो, "आता बघा गंमत, लाल होतो की नाही." तो लाल काही होईना. हळूहळू काळपट, मळकट झाला. मुलं हिरमुसली. मी सांभाळून घेतलं, "त्याला वेळ लागतो." पुढच्या तुकड्यांनाही हेच शिकवलं, फक्त सरडा न आणता.

शॅमेलिऑन खालच्या कापडाचा रंग उचलत नाही. त्याचा रंग बदलतो तो मुख्यतः ऊन-गारवा, प्रतिस्पर्धी, मादी आणि भीती यांमुळे. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात आणि त्या स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. लपण्यासाठी तो बाभळीच्या पानांत आधीच पुरेसा हिरवा होता, शिवाय वाऱ्यावर पान हलावं तसा मागेपुढे डुलत चालत होता. टेबलावर तो काळा पडला, तो भ्यायला होता म्हणून. चाळीस मुलांसमोर एक जीव घाबरून काळवंडत होता आणि मी त्याला 'अनुकूलन' म्हणत होतो.

सहाव्या वेतन आयोगाचा फरक हातात पडला, त्यातून मी कॅमेरा घेतला. घरात फ्रीज हवा होता. (तो नंतर आला आणि त्यावरून अजून ऐकावं लागतं.) कॅमेरा आला की माणूस बघायला शिकतो, असं म्हणतात. माझ्या बाबतीत तो बघण्याआधी मिळवायला शिकला.

शाळेच्या वरच्या माळावर एका मेंढपाळाचा वाडा असायचा. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. पीतमुखी टिटवीची अंडी त्यांनीच मला दाखवली. खरं तर दाखवावी लागली. ते काठीनं खूण करत होते, मी त्या काठीच्या टोकाकडे बघत होतो, तरी मला नुसता मुरूम दिसत होता. ही टिटवी घरटं बांधत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी उघड्या जमिनीवर उथळ खळगा करते, कडेला थोडे खडे, चार लेंड्या सरकवते आणि त्यात साधारण चार अंडी घालते. पक्ष्यांच्या अंड्यांना रंग देणारी द्रव्यं मुख्यतः दोनच, एक निळ्या-हिरव्या छटेचं, दुसरं तांबूस-तपकिरी. एवढ्या भांडवलावर तिनं आमच्या माळाचा मुरूम, त्यातले काळे खडे आणि खड्यांच्या सावल्याही कवचावर उतरवल्या होत्या.

मी फोटो काढले. घरी येऊन संगणकावर पाहिले तर फोटोत अंडी दिसेनात. म्हणजे होती, पण जो बघेल तो विचारायचा, "कुठंय?" मला ते कमीपणाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी खळग्याभोवती साफसफाई केली. लेंड्या उचलल्या, मोठे खडे बाजूला टाकले, मागचा कुसळीचा झुपका उपटला. पुन्हा येताना जागा सापडावी म्हणून थोड्या अंतरावर दगडावर दगड रचून खूणही केली. मग भर दुपारी तिथे बसून राहिलो. टिटवी लांबून ओरडत होती, एकदा पंख मोडल्याचं सोंग करून मला भलतीकडे न्यायचाही तिनं प्रयत्न केला. मी ते सोंग ओळखलं आणि स्वतःवर खूश झालो.

मामा मेंढरं घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, अंड्यास्नी ऊन लागतंय की."

"येईल ती परत बसायला."

"तुमी हाय तवर कशी येईल?"

मला तेव्हा वाटत होतं की पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला, आणि एप्रिलात ऊब तर फुकट मिळतेय. आमच्याकडच्या एप्रिलात भर दुपारी टिटवी अंडी उबवायला बसत नाही, तापू नयेत म्हणून त्यांच्यावर सावली धरते. जवळपास पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार करते. मी ज्या वेळात 'चांगला प्रकाश' मिळवत होतो त्या वेळात अंडी भाजत होती.

पण त्यांना उन्हानं मारायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी खळगा रिकामा होता. कावळा, मुंगूस की कोल्हा, सांगता येत नाही, कवचाचा तुकडाही उरला नव्हता. एवढं मात्र सांगतो, ज्या जागी दोन दिवसांपूर्वी मला काठीच्या टोकाशीही काही दिसलं नव्हतं ती जागा आता मी लांबून ओळखली. माझ्यासारख्या आंधळ्याला जी दिसली ती कावळ्याला दिसली नसेल असं कसं म्हणू?

अंडी मी फोडली नाहीत, हलवलीही नाहीत, फक्त त्यांच्याभोवतीची जमीन बदलली. रंग अंड्यांवर अर्धाच होता, उरलेला अर्धा जमिनीत होता आणि तो मी झाडून टाकला. हे कळायला मला फार उशीर झाला. कायद्याला ते आधीच ठाऊक होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. आयुष्यात हातात बंदूक न धरलेला मी त्या व्याख्येप्रमाणे शिकारी ठरतो.

टिटवीच्या बाबतीत एवढं झाल्यावर मी शहाणा झालो असं समजू नका. पुढच्या उन्हाळ्यात टिटवीचं एक पिल्लू गाडीवाटेच्या कडेला सापडलं. जमिनीला चिकटून, मान लांब करून निपचित पडलेलं. मी बोट लावलं तरी हललं नाही. मला वाटलं आजारी आहे, आईनं टाकलंय. खोक्यात घालून घरी नेलं. धोक्याची हाक आली की टिटवीची पिल्लं जागच्या जागी गोठतात आणि 'गेला धोका' अशी दुसरी हाक येईपर्यंत उठत नाहीत. ती दुसरी हाक माझ्या घरात येणार कुठून? पिल्लू संध्याकाळपर्यंत होतं, सकाळी नव्हतं. चिंकाऱ्याच्या पाडसाचंही असंच असतं. आई त्याला गवतात निजवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. मध्येच एखादा दयाळू माणूस त्याला 'अनाथ' म्हणून उचलतो. आमच्या भागात असे दयाळू लोक पुष्कळ आहेत. मी त्यांतला शिकलेला.

रातव्याशी तर मी टिटवीचे नियम लावून वागलो. टिटवी लांबूनच उठते, हा पक्षी उठतच नाही. मळकट तपकिरी अंग वाळक्या पाचोळ्यात मिसळून, मोठे डोळे अगदी फटीएवढे मिटून बसतो. टपोरा काळा डोळा उघडा राहिला तर सगळं सोंग उघडं पडेल म्हणून. माझा समज झाला की याला माणसाचं काही वाटत नाही, म्हणून मी दरवेळी आणखी जवळ सरकत गेलो आणि एकदा हाताच्या अंतरावर लेन्स नेली. तो भर उन्हात उडाला. त्या जोडीची अंडीही पुढे दिसली नाहीत.

नंतर एक अभ्यास वाचला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला, झांबियातल्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा. त्यात रातवे होते, टिटवीच्या कुळातले चिखल्या होते आणि धाविक होते. आमच्याच माळाची पाहुणेमंडळी म्हणा ना, फक्त खंड वेगळा. धोका अगदी जवळ येईपर्यंत रातवा बसून राहतो, म्हणून त्याची अंडी वाचणं त्याच्या पिसांचा रंग जमिनीशी किती जुळतो यावर अवलंबून. चिखल्या आणि धाविक लांबूनच उठून जातात, त्यामुळे तिथे उघड्या अंड्यांनी स्वतःच जुळावं लागतं. पुढच्या वर्षी त्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट मांडली. हे पक्षी अंडी घालताना आपापल्या रंगाला साजेशी जागा निवडतात. म्हणजे माळावरची वाव-दोन वाव जमीनही सारखी नसते, पक्षी ती पारखून बसतो. रातवा माझ्या धीटपणाला मान देऊन बसत नव्हता. न हलणं हाच त्याचा एकमेव उपाय होता आणि तो मी संपवून टाकला.

या काळात मला एक थोर सोबती मिळाला. ॲबट थेअर हा अमेरिकन चित्रकार. त्यानं १८९६ मध्ये सांगितलं की कितीतरी प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, कारण वरून ऊन पडतं. उन्हानं पाठ उजळते, सावलीनं पोट काळवंडतं, दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि प्राण्याचा गोलावा नाहीसा होऊन तो सपाट दिसतो. चिंकाऱ्याकडे बघून ही गोष्ट लगेच पटते. चित्रकारालाच सुचावी अशी आहे. पण मग थेअरला सगळीकडे लपणंच दिसायला लागलं. १९०९ च्या पुस्तकात त्यानं मांडलं की रोहित पक्षी गुलाबी असतात ते पहाटे-संध्याकाळच्या आभाळात मिसळून जाण्यासाठी. थिओडोर रूझवेल्टनं त्याची जाहीर टर उडवली. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात कुठल्याही दुपारी जाऊन उभं राहावं. कुंभारगावच्या नावेतून अर्ध्या मैलावरून रोहितांची रांग दिसते. त्यांचा गुलाबी रंग शेवाळ आणि झिंग्यांसारख्या खाण्यातून आलेला असतो, लपण्याशी त्याचा संबंध नाही. मला थेअरचा राग आला नाही. एक खरी गोष्ट दिसली की माणूस तिच्यामागे किती लांब वाहवत जातो, हे मी स्वतःवरून ओळखत होतो.

चिंकाऱ्याच्या बाबतीत माझा वेगळाच गैरसमज होता. पावसाळ्यात माळ हिरवा होतो आणि त्यावर तपकिरी चिंकारा मला स्पष्ट दिसायचा. मी मुलांना सांगायचो, "बघा, आता लांडग्याचं फावणार." लांडगा आणि कुत्रा यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. हिरवा आणि तांबूस तपकिरी यांतला फरक त्यांना आपल्यासारखा दिसत नाही. चिंकारा माझ्या डोळ्यांपासून लपतच नव्हता, त्याचा कारभार लांडग्याच्या डोळ्यांशी होता. तिथे तो पावसाळ्यातही झाकलेला, हलला नाही तर. त्याची काळी शेपटी सारखी फुरफुरते, आणि लांबून तीच आधी दिसते.

हे सगळं कळायच्या आधीची गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर चिंकाऱ्याची एक मादी हिवराखाली बसलेली होती. बसलेल्या जनावराचा फोटो नको होता. मी टाळ्या वाजवल्या, शीळ घातली. ती उठली, दोन उड्या मारून थबकली, वळून बघितलं. हवा तसा फोटो मिळाला. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठली. तोवर त्यांना ती दिसलीच नव्हती. तिच्यामागे तीन-चार कुत्री टेकाडापलीकडे गेली. पुढे काय झालं ते बघायला मी थांबलो नाही. गाडी काढली आणि भिगवणला येऊन चहा प्यायलो. तो फोटो पुढे एका स्पर्धेत लागलाही. प्रमाणपत्र माळ्यावर आहे.

आता कडबनवाडीला आणि शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी आहे. ठरलेल्या वाटा, गावातली मुलं गाईड, खाली उतरायला बंदी. मी दोन्हीकडे गेलोय. गाईड मुलगा दर वळणावर विचारत होता, "सर, दिसलं का?" आणि गाडीतले लोक, "काहीच दिसलं नाही" म्हणून कुरकुरत होते. मला त्या मुलाची दया आली. लपण्यात पटाईत असलेल्या जनावरांच्या मुलखात त्याला दाखवण्याचं काम दिलंय. तरी उतरायला बंदी घातली हे फार बरं केलं. माझ्यासारख्याला ती पंधरा वर्षांपूर्वी हवी होती.

सगळ्यांत मोठी चूक मात्र कॅमेऱ्यानं केलेली नाही. ती मी फावड्यानं केली, आणि तिच्यासाठी माझा सत्कारही झाला.

शाळेच्या वरचा तो माळ, टिटवीचा, मला डोळ्यांत खुपायचा. मी कालव्याखालचा माणूस. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, माती वीतभर, त्याखाली मुरूम, तरी मला तिथं हिरवं पाहिजे होतं. वनमहोत्सवाच्या निमित्तानं मुलांकडून खड्डे काढून घेतले. गिरिपुष्प, सुबाभूळ, करंज, कडुनिंब, जी रोपं फुकट मिळाली ती लावली. मुलांनी उन्हाळाभर बाटल्यांनी पाणी घातलं. शेळ्या-मेंढ्यांना अटकाव म्हणून तारेचं कुंपण झालं. पेपरात फोटो आला, 'उजाड माळरानावर फुलली वनराई'.

मामा कुंपणाबाहेर उभे होते. म्हणाले, "गुरुजी, झाडं लावली ते ब्येस केलं. पर गवत मरंल." मला वाटलं यांची चराई गेली म्हणून बोलतात. चराई गेली होतीच, ते खोटं नव्हतं. पण त्यांचं वाक्य मेंढरांपुरतं नव्हतं, हे मला समजलं नाही.

चराई थांबल्यावर पहिल्यांदा गवत कमरेएवढं माजलं. धाविकाला आणि पीतमुखी टिटवीला आखूड गवत, उघडी जमीन लागते. लांबवर बघता आलं पाहिजे आणि धावता आलं पाहिजे. ते दोघे गेले. मग झाडं वर आली, त्यांच्या सावलीत पवण्या-कुसळी विरळ झाली आणि खड्ड्यांच्या ओलीला गाजरगवत व घाणेरी धरली. कावळ्यांना आणि खाटीक पक्ष्यांना बसून टेहळणी करायला माळावर पूर्वी उंच जागाच नव्हती. त्या मी दिल्या, रांगेनं, सारख्या अंतरावर. चंडोलांनी काही वर्षं तग धरला. सरड्यांचं मला सांगता येणार नाही, मी त्यांच्याकडे तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. फुरसं होतं, मुरमाच्याच रंगाचं. त्याच्यावर एकदा पाय पडता पडता राहिला होता. अंगावरचे खवले घासून त्यानं खरखर आवाज केला म्हणून मी वाचलो. झाडांखाली वाळका पाला साठल्यापासून तिथं मला ते दिसलं नाही. आहे की नाही, त्यालाच ठाऊक.

टिटवीच्या एका खळग्याभोवतीची हातभर जमीन मी बदलली तेव्हा चार अंडी गेली होती. इथे एकरांनी बदलली, आणि गेलं ते मोजायला काही हाताशी नाही. त्या जागेचे झाडं लावण्याआधीचे फोटोसुद्धा माझ्याकडे नाहीत. कॅमेरा होता, जाणं-येणं रोजचं होतं. पण फोटो घ्यावा असं तिथं काही आहे असं वाटलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीनं शेजारच्या तुकड्यावर खड्डे घ्यायचा ठराव आणला. मी ग्रामसभेत उठून बोललो. पडीक दिसतं ते पडीक नाही, इथं अमुक अंडी घालतं, तमुक पिल्लं वाढवतं, गवत हेच इथलं रान. सरपंच माझाच विद्यार्थी. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, त्या कुंपणातली चौथी ओळ मी लावलीय. रोज दोन बाटल्या पाणी नेत होतो. तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं ना, माळ म्हणजे जमिनीला झालेला आजार?"

असं मी बोललो होतो. त्याला शब्दन् शब्द आठवत होता.

"चुकलं होतं ते," मी म्हणालो.

सभेत थोडा हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, गुरुजी रिटायर झाल्यावर बदलले. रोपं आधीच मागवलेली होती, बिल निघालं होतं, त्यामुळे ठराव रद्द होणं शक्य नव्हतं. बरीच वादावादी झाल्यावर ती ओढ्याच्या कडेनं लावायची असं ठरलं. तिथे माती खोल आहे, ओल टिकते आणि पूर्वी करंज-उंबर होतेच. लावून झाली आहेत. मामांचा मुलगा आता मेंढरं त्या वरच्या तुकड्यावर नेतो. चराईवरून त्याचं आणि पंचायतीचं अजून मिटलेलं नाही.